मोजणीच्या दिवशी सुट्टी

१

पंखा गरगरत होता. फळ्यावर खडूचं कासव हसत होतं. गुडघ्याएवढ्या खुर्च्या ओळीत मांडलेल्या, पेले पालथे घातलेले, खिडकीत कुंडी. बालवर्गात सगळं जागच्या जागी होतं. फक्त पोरं नव्हती.

टाचणीने कपाटामागे डोकावलं. दाराआड पाहिलं. मग कोणी बघत नाहीसं बघून टेबलाखाली वाकली. चार वर्षांचा माणूस हरवला की तो टेबलाखालीच सापडतो, असा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. टेबलाखाली एक मोजा सापडला. त्यात पाय नव्हता.

टाचणी हे तिचं नाव नव्हे, ऑफिसने ठेवलेलं. राज्य सरकारच्या शिक्षण खात्यात ती मोजणी अधिकारी. वय पन्नाशीला टेकलेलं, पण एका जागी बसायचं म्हटलं की बाईच्या अंगात मुंग्या. पाय हलव, पेन टकटक कर, ऊठ, परत बस, शेजारच्याला टोच. साहेबांनी तिला फिरतीवर टाकलं ते हुशारीसाठी नव्हे. टेबल हलायचं, म्हणून.

"मी मोजायला आलेय," ती म्हणाली. "काय मोजू? खुर्च्या?"

यावर मावशींनी भोकाडच पसरलं. मावशी म्हणजे वर्गाच्या मदतनीस. झाडलोट, नाकं पुसणं आणि मारामाऱ्या सोडवणं ही तीन खाती त्यांच्याकडे. "अहो ताई, वर्गात एक पोर नाही हो आलं! असं कधी झालं नाही! बाई, तुम्ही तरी बोला की काहीतरी!"

बाई, म्हणजे वर्गाच्या शिक्षिका, खिडकीपाशी उभ्या होत्या. कुंडीतलं एक वाळकं पान त्यांनी काढलं, तेवढंच.

सरकारचा नियम साधा होता आणि आडमुठा होता. वर्षातून एक दिवस मोजणी. त्या दिवशी वर्ग सुटायच्या आत पटावरची निदान वीस पोरं अधिकाऱ्याला डोळ्यांनी दिसली, तर पुढच्या वर्षाचं अनुदान मिळणार. नाही दिसली, तर वर्ग बंद. पूर्वी सबब सांगितली की दुसरी तारीख मिळायची. पण लोक अडचणीच्या वेळेलाच आजारी पडतात हे सरकारच्या लक्षात आलं, आणि ती सोय गेली.

"बंद झाला तर मी काय करू?"

आवाज दारातून आला. पायरीवर एक नर्स बसली होती. पांढरे बूट, लाल डोळे, आणि मांडीवर पाय पसरून घोरणारी तिची मुलगी, ठमी. आज वर्गाला आलेलं एकमेव गिऱ्हाईक.

"माझी रात्रपाळी असते," नर्स म्हणाली. "ही इथे असते तेवढाच वेळ मी झोपते. घरात दुसरं माणूस नाही. वर्ग गेला तर नोकरी सोडावी लागेल मला. सरळ हिशोब आहे."

टाचणीने घड्याळ पाहिलं. एकचा आकडा लिहायला कितीसा वेळ लागतो? एक फराटा काढला की घरी. पण तिचा उजवा पाय हलायला लागला होता, आणि तो एकदा हलायला लागला की टाचणीला घरी जाता येत नसे. पटावरची सगळी पोरं एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. कोणाला तरी ती पाडावी लागतात.

तेवढ्यात ठमीने झोपेतच हात वर केला आणि नाक खाजवलं. हाताच्या पाठीवर निळा चंद्र होता.

मावशींचं रडं गप्पकन थांबलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "हिला चंद्र कोणी दिला?"

२

चंद्राची भानगड मावशींनी समजावून सांगितली.

या वस्तीतले आईबाप कामावरचे. कोणाची दिवसपाळी, कोणाची रात्रपाळी, आणि चार घरांत चार भाषा. चिठ्ठी पाठवली तर घरी पोचेपर्यंत तिची होडी होते. म्हणून वर्गाने ठप्पे ठेवलेले. पोराच्या हातावर मासा असला, तर उद्या पाण्याचे खेळ आहेत, जादा कपडे पाठवा. चंद्र असला, तर उद्या सुट्टी. आणि चांदणी रोजचीच. घरी जाताना प्रत्येकाला एक, शहाण्यासारखं वागलं म्हणून. न वागणाऱ्यालाही एक, उद्या वागावं म्हणून.

"चांदणी बाईच देतात," मावशी म्हणाल्या. "सगळ्यात शेवटी, पोराचा हात हातात धरून. अगदी मधोमध. नेम धरून मारल्यासारखी. जरा इकडेतिकडे झाली तर पोरं रडून गाव गोळा करतात."

टाचणीने ठमीचा हात उजेडात धरला. निळा चंद्र हाताच्या मध्यावर ऐसपैस झोपला होता. लाल चांदणी अंगठ्याच्या मुळाशी, गर्दीच्या बाकावर जागा मिळाल्यासारखी अंग चोरून बसली होती.

"तुम्ही काल बघितला नाहीत हा?" तिने नर्सला विचारलं.

"मी कधी बघणार?" नर्स म्हणाली. "काल मी कामावर गेल्यावर शेजारणीने हिला व्हॅनमधून उतरवून घेतलं. सकाळी मी आले, झोपलेलीच उचलली, इथे आणली. तोंडसुद्धा धुतलेलं नाहीये हिचं."

"आंघोळ?"

"तुम्ही घालून बघा."

म्हणजे काल सगळ्या पोरांच्या हातांवर चंद्र उगवला होता. बाकीच्या घरांनी तो पाहिला आणि सुट्टी समजून पोरं पाठवली नाहीत. आणि हे नेमकं मोजणीच्या आदल्या दिवशी.

"बाई," टाचणी म्हणाली, "चंद्राचा ठप्पा कुठे असतो?"

"खणात." बाई अजून कुंडीशीच चाळा करत होत्या. "कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे."

"माझ्याकडे पण एक आहे," मावशी पटकन म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांची पाचावर धारण बसली. "म्हणजे, बाई विसरतात ना घरी, म्हणून! मी कशाला मारू हो ठप्पा? पोरं मी फाटकापर्यंत नेते आणि व्हॅनमध्ये बसवते, त्या गडबडीत हात कोण बघतं! तिथून पुढे व्हॅनवाला जाणे!"

"कुलूप तोडलेलं नाही, आणि किल्ल्या दोन," टाचणी पुटपुटली.

"तिसरी करून घ्यायला काय लागतं?" मावशी म्हणाल्या. "व्हॅनवाला पाणी प्यायला येतो की रोज आत."

आता उरला साक्षीदार. तो जागा झाला होता आणि टाचणीच्या चष्म्याकडे टक लावून बघत होता.

"ठमाबाई, चंद्र कोणी दिला?"

"हत्तीनं."

"कुठल्या हत्तीनं?"

"मोठ्ठ्या."

"मग तो कुठे गेला?"

ठमीने विचार केला. "ऑफिसला."

टाचणीने पेन खिशात टाकलं. चार वर्षांचा साक्षीदार खोटं बोलत नाही. तो खऱ्याच्या नादाला लागत नाही, एवढंच.

"मी येते जाऊन," ती म्हणाली. "चंद्र पाहिला म्हणून पोरांना सुट्टी मिळाली. पण त्यांच्या आईबापांना कोणी दिली? सगळे कामावर गेले असणार. मग ही गॅंग आत्ता आहे कुठे?"

खिडकीपाशी बाईंच्या हातून कुंडीचं चांगलं हिरवं पानही तुटलं.

३

व्हॅनवाला गल्लीच्या टोकाला व्हॅन धूत होता. साबणाचा फेस, रबरी नळी, तोंडात शीळ. टाचणीला बघून शिळेचा सूर चुकला.

"आज गाडी काढलीच नाही, ताई," तो म्हणाला. "सुट्टी ना वर्गाला. म्हटलं, धुऊन घेऊ."

"तुम्हाला कसं कळलं सुट्टी आहे?"

"पोरांच्या हातांवर बघितलं की. रोजचा धंदा आहे आपला."

"काल व्हॅनमध्ये चढली तेव्हाच होता चंद्र?"

"चढली तेव्हाच. मला वाटलं, बाईंनीच दिला. दुसरं कोण देणार?"

टाचणीने व्हॅनचं सरकतं दार ओढलं. बाहेरून गाडी नवरीसारखी चकचकीत होती. आत अजून पाण्याचा थेंब गेला नव्हता. ती दोन सीटांवरून हात फिरवत गेली, आणि तिसऱ्या सीटवर तिचं बोट कशात तरी रुतलं. अर्धं चोखलेलं बिस्कीट. तिने ते चिमटीत धरून व्हॅनवाल्याच्या नाकासमोर नेलं.

"ई!" तो म्हणाला.

"ईच आहे. कालचं असतं तर एव्हाना दगड झालं असतं, पाखरांनीसुद्धा तोंड लावलं नसतं. हा अजून लगदा आहे, भाऊ. आज सकाळी इथे एक पोरगं बसलं होतं. नुसतं बसलं नाही, जेवलं."

व्हॅनवाल्याने नळी बंद केली. नळीतलं पाणी संपेपर्यंत तो विचार करत राहिला. मग त्याला सबब सुचली नाही असं दिसलं.

"मॅडमकडे सोडली," तो म्हणाला. "चौकातल्या नर्सरीत. त्यांनी घरोघरी कळवलं होतं, वर्गाला सुट्टी आहे, तर पोरं आमच्याकडे पाठवा, दिवसभर फुकट सांभाळू. आईबापांना काय, देवच पावला. मला म्हणाल्या, फेरीचे पैसे दुप्पट. मी ड्रायव्हर माणूस. पोरं इकडे नेली काय, तिकडे नेली काय."

"मग मघाशी खोटं कशाला बोललात?"

"तुम्ही सरकारी दिसलात," व्हॅनवाला म्हणाला, आणि त्याने परत नळी सोडली.

मॅडम तिला माहीत होत्या. आज दुपारी त्यांच्याकडेही मोजणी होती. वरच्या मजल्यावर त्यांची फीवाली नर्सरी, आणि खाली नवा 'सार्वजनिक वर्ग' काढून त्यांनी सरकारकडे अर्ज टाकला होता. एका वस्तीत अनुदान एकाच वर्गाला. इथे एक आणि तिथे वीस, म्हणजे अनुदान मॅडमना, आणि त्या पाट्या रंगवायला मोकळ्या.

फायदा कोणाचा ते कळलं. पण मॅडम काल बालवर्गाच्या खणापाशी आल्या नव्हत्या. हात कोणाचा? व्हॅनवाला म्हणतो, चढण्याआधी. मावशी म्हणतात, फाटकानंतर. टाचणी चालता चालता आपल्याच हाताच्या पाठीकडे बघायला लागली. ठमीचा हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

गल्लीच्या मध्यावर ती अशी थांबली की मागून येणारा सायकलवाला तिला धडकला.

"आंधळ्या आहात का?" तो ओरडला.

"होते," टाचणी म्हणाली. "आत्तापर्यंत."

ती नर्सरीकडे गेली नाही. वळून बालवर्गाकडे धावत सुटली.

४

"बाई, मला एक चांदणी द्या."

बाईंना कळेना. मावशींनाही कळेना. नर्स पायरीवर भिंतीला टेकून डुलक्या घेत होती, तिला कळायचा प्रश्नच नव्हता.

"वर्गावर्गांतून फिरते मी," टाचणी म्हणाली, "पोरांना मिळतात, मला कोणी देत नाही. द्या की. शहाण्यासारखी वागलेय आज."

बाईंनी खण उघडला, ठप्पा काढला, टाचणीचा डावा हात हातात धरला. टप्पकन लाल चांदणी उमटली. बरोबर मधोमध.

"वा! आता या हाताला."

टाचणीने उजवा हात पुढे केला. धावता धावता कुठेतरी थांबून तिने त्या हाताच्या पाठीवर पेनने चिमणी काढली होती. चिमणी कसली, बटाट्याला चोच फुटलेली. हाताच्या अगदी मध्यावर.

बाईंनी हात धरला. ठप्पा खाली आला, चिमणीच्या वर क्षणभर थबकला, कडेला सरकला, आणि अंगठ्याच्या मुळाशी अलगद टेकला.

टाचणीने हात तसाच पुढे धरून ठेवला.

"ठमाबाई, इकडे या जरा." टाचणीने ठमीचा हात आपल्या हाताशेजारी धरला. एकीकडे चिमणी आणि कडेला चांदणी. एकीकडे चंद्र आणि कडेला चांदणी. दोन्ही चांदण्या एकाच जागी.

"चित्रावर ठप्पा मारायला तुमचा हात धजत नाही, बाई."

"पोरं रडतात," बाई पुटपुटल्या. "माझं चित्र पुसलं म्हणून..."

"माझ्यासारख्या घोडीच्या हातावरचा बटाटासुद्धा तुम्हाला पुसवला नाही. आता बघा. व्हॅनवाल्याने व्हॅनमध्ये चंद्र दिला असता, किंवा मावशींनी फाटकात, तर चांदणी आधीच मधोमध बसलेली असती आणि चंद्राला कडेला जागा शोधावी लागली असती, नाही तर तो तिच्या डोक्यावर बसला असता. इथे उलटं आहे. चंद्र मधोमध आहे, म्हणजे तो उगवला तेव्हा हात कोरा होता. सरकावं लागलं ते चांदणीला. आणि चांदणी देणारं माणूस एकच. चंद्र कोणी मारला ते मला अजून माहीत नाही, बाई. पण तो प्रत्येक हातावर तुम्ही पाहिलात, आणि मला म्हणालात, कुलूप असतं."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "बाई? नाही हो. बाई नाही."

"मारला पण मीच," बाई म्हणाल्या. "तुम्ही डबे धूत होता तेव्हा."

५

बाई गुडघ्याएवढ्या खुर्चीवरच बसल्या. बसल्यावर त्या एकदम लहान दिसायला लागल्या.

"दोन आठवड्यांपूर्वी मॅडमनी सहा पोरं नेली," त्या म्हणाल्या. "पहिला महिना फुकट, म्हणून. नावं अजून पटावर आहेत, पण पोरं तिकडे. माझ्याकडे उरली सोळा. तुम्ही येणार, सोळा मोजणार, आणि वर्ग बंद. मी रोज रात्री तेच मोजत होते. कशीही मोजली तरी सोळाच."

"मग?"

"मग मॅडम आल्या. म्हणाल्या, तुझा वर्ग तसाही बुडणार. बुडताना सोळा पोरांना घेऊन कशाला बुडतेस? मोजणीच्या दिवशी माझ्याकडे पाठव. मला वीस मिळतील, अनुदान मिळेल, आणि मी सगळ्यांना ठेवून घेईन. एकालाही काढणार नाही. तुला आणि मावशींनाही घेईन." बाईंनी वर पाहिलं. "मला वाटलं, वर्ग जाईल, पण पोरं तरी राहतील. चुकलं का माझं?"

"मला विचारायचं होतं की!" मावशी उसळल्या. "एवढी वर्षं एका ताटात जेवतोय आपण! मी त्या सहा घरी जाऊन धरणं धरलं असतं!"

"आणि ठमी?" टाचणीने विचारलं.

"तिच्या शेजारणीलाही मॅडमचा निरोप होता. पण ती सकाळी सांगेपर्यंत हिची आई हिला उचलून घेऊन आली."

टाचणी उठली, बसली, परत उठली. घड्याळात वर्ग सुटायला फार वेळ नव्हता. रागवायला तर मुळीच नव्हता.

"मॅडमनी शब्द दिलाय म्हणता ना? चला, तो शब्द ऐकून येऊ. तुम्ही बाहेर खिडकीपाशी थांबायचं. शिंक आली तरी गिळायची. मावशी, तुम्ही पण या. व्हॅनवाल्याला सांगा, सगळ्या पोरांच्या घरी फोन लाव, सुट्टी नव्हती, पोरं वर्गातून न्या म्हणावं. ठमाबाई, तुमच्या आईला झोपू द्या. तुम्ही आमच्याबरोबर चला."

६

"या, या!" मॅडमनी टाचणीला दारातच गाठलं. अंगावर अत्तर, चेहऱ्यावर हसू, हातात छोटी घंटा. "तिकडे शून्य झालं ना? फार वाईट वाटलं हो."

"अजून लिहिलंही नाही, आणि तुम्हाला वाईट वाटून झालं?"

मॅडमचं हसू जरा लटपटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असा विचार टाचणीच्या डोक्यात चमकला आणि तिने तो गालातल्या गालात चावून टाकला.

खोलीत पोरं भिंतीला पाठ लावून ओळीत बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. सहा जणांच्या गळ्यात लाल टाय. एवढी शांत पोरं टाचणीने फक्त फोटोत पाहिली होती.

तिने खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. मात्र फार खाली नाही.

"आपल्यातलं म्हणून विचारते हं. मला एक भाची आहे, अगदी नाजूक. तिला या गर्दीत घालायला जीव होत नाही. मोजणी झाली की गर्दी कमी होईल ना हो?"

"अहो, होईल म्हणजे काय!" मॅडम खुलल्या. "ही काय कायमची ठेवायची पोरं आहेत? चाळणी लावणारच मी. चड्डी ओली करतात ती, धड बोलत नाहीत ती, आणि ज्यांना घ्यायला कोणी वेळेवर येत नाही ती. त्या नर्सच्या मुलीसारखी. आपल्याला नीटनेटकी पोरं हवीत. तुमची भाची अगदी निर्धास्त पाठवा."

"आणि त्या बाई? त्यांना म्हणे तुम्ही शब्द दिलाय."

"दिला की!" मॅडम हसल्या. "शब्दाला काय लागतं?"

दार उघडलं. दारात बाई होत्या. रडल्या नव्हत्या. चेहरा पांढराफटक, पण मान ताठ. त्यांच्या मागे मावशी, आणि मावशींच्या बोटाला ठमी.

बाई मॅडमना ओलांडून आत आल्या. त्यांनी दोन्ही कोपर अंगाशी घेतले, चाकासारखे फिरवले, आणि त्या भरल्या खोलीत, मोठ्या माणसांसमोर, जोरात ओरडल्या, "कूऽऽऽ!"

पंधरा पोरं स्प्रिंग सुटल्यासारखी उठली. तोंडावरची बोटं गेली, हातांच्या घड्या मोडल्या, आणि बघता बघता प्रत्येकाने पुढच्याचा सदरा मागून पकडला. आगगाडी तयार.

"हे काय चाललंय?" मॅडम दारात आडव्या झाल्या. "आईबापांनी पाठवलीयेत ही माझ्याकडे!"

"सुट्टी आहे असं समजून," टाचणी म्हणाली. "सुट्टी नाहीये. वर्ग चालू आहे, ही पोरं त्याच्या पटावर आहेत, आणि त्यांच्या बाई न्यायला आल्यात. तुम्ही खुशाल अडवा. मी लिहिते, दुसऱ्या वर्गाची पोरं मोजणीच्या वेळी कोंडून ठेवली. तुमच्या फीवाल्यांना आवडेल वाचायला."

मॅडम बाजूला झाल्या. आगगाडी हलली.

टाचणीने मनात मोजलं. पंधरा, आणि ठमी धरून सोळा. बाई रात्रभर जे मोजत होत्या तेच. लाल टायवाले सहा भिंतीशी तसेच बसले होते. त्यांना हात लावायचा तिला अधिकार नव्हता. बोलावायचाही नव्हता. ती मोजायला आलेली बाई, जमवायला नव्हे. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, आणि तिचा पाय असा हलायला लागला की शेजारची खुर्ची वाजली.

पण चार वर्षांच्या माणसाला सगळं सहन होतं. भूक होते, मार होतो, टायसुद्धा होतो. आगगाडी आपल्याला सोडून निघाली, हे मात्र सहन होत नाही.

पहिल्या टायवाल्याचा ओठ थरथरला. "मी डबा!" तो किंचाळला आणि धावला. मग दुसरा. मग तिघी एकदम, एकमेकींना ढकलत, शेवटचा डबा कोण यावर भांडत. सहावा तेवढा जागचा हलला नाही. त्याच्या हातात मॅडमची खेळण्यातली मोटार होती, आणि मोटारवाल्याला आगगाडीचं काय कौतुक.

चौकात रहदारी थांबली. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, तर पोरांनी उलट दुप्पट वाजवला. मावशी शेवटच्या डब्यामागून धावत होत्या, नाकं पुसत, आणि बाईंशी एक अक्षर न बोलता.

वर्ग सुटायच्या आत टाचणीने प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजलं. दोनदा मोजलं. एकवीस.

७

"माझं नाव लिहिणार तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"लिहिणार," टाचणी म्हणाली. "मॅडमचं लिहिणार, तुमचंही लिहिणार. अनुदान वाचलं, ते पोरांनी वाचवलं. तुमचं काय करायचं ते वरचे ठरवतील. पण आमच्या खात्यात कागदाला वर चढायला वेळ लागतो, त्याला दम लागतो. त्याच्या आत खालच्यांना, या आईबापांना, तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने."

"काय सांगू?"

"ते मला काय विचारता? मी शिक्षिका आहे का?"

आईबाप यायला लागले होते. कोणी गिरणीच्या कपड्यांत, कोणी हाताला पीठ, सगळे गोंधळलेले. बाई दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला सांगत गेल्या. चंद्र मी मारला होता. सुट्टी नव्हती. वर्ग बुडेल म्हणून मी घाबरले. एक बाप ऐकता ऐकताच पोराला खांद्यावर टाकून निघून गेला. एका आईने शिव्या दिल्या, आपल्या भाषेत, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. एकीला काहीच समजलं नाही, ती गोड हसली आणि गेली. ते बाईंना सगळ्यात जड गेलं असं दिसलं.

शेवटी पायरीवरची नर्स उठली. तिला जागं व्हायला वेळ लागला. बाईंनी तिलाही पहिल्यापासून सांगितलं. मॅडमची चाळणी सांगितली, त्यात ठमीचं नाव होतं हेही सांगितलं.

नर्सने सगळं ऐकून घेतलं. "मला विचारलं असतंत," ती म्हणाली, "तर मी सांगितलं असतं. मॅडमकडे मी आधीच जाऊन आले होते. त्यांनी हिला दारातूनच परत पाठवलं होतं."

बाई पायरीवर बसल्या.

"वर्ग राहिला ना पण?" नर्सने विचारलं.

"राहिला," टाचणी मध्येच म्हणाली.

"मग उद्या किती वाजता उघडणार?"

"नेहमीच्याच वेळेला," बाई म्हणाल्या.

"आधी उघडा," नर्स म्हणाली. "माझी पाळी पहाटे संपते. तुम्ही उघडेपर्यंत मी या पायरीवर बसून असते. इतके दिवस बोलले नाही, म्हटलं, फुकटचा वर्ग, कशाला तोंड उघडा. आता बोलते. आधी उघडा."

बाईंनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी दुपारपासून पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे दाराची किल्ली नाही. तुम्हालाच यावं लागेल पहाटे."

"येईन," बाई म्हणाल्या.

नर्सने ठमीला कडेवर घेतलं आणि ती निघाली. चार पावलांवर थांबून तिने मागे वळून पाहिलं.

"थंडीतसुद्धा," ती म्हणाली.